वारा पडतो, पण इंग्रजीत पडत नाही

“शी विल पास अवे इन टू अवर्स.”

हे वाक्य एका फ्रेंच नर्सबाईंनी एका इंग्रज आजोबांना ऐकवलं होतं, आणि तेही हसतमुखाने, खांद्यावर हात ठेवून. ऑगस्ट महिना, फ्रान्सच्या किनाऱ्यावरचं सँ-मालो गाव पर्यटकांनी फुललेलं. जुन्या तटबंदीच्या पायऱ्यांवरून आजीबाई घसरल्या, मनगट मोडलं. प्लास्टर झालं, तरी हात ठणकत होता. नर्सबाईंना म्हणायचं होतं की काळजी करू नका, दोन तासांत दुखणं कमी होईल. फ्रेंचमध्ये दुखणं स्त्रीलिंगी, ‘ला दुलर’. ते ‘पासे’ होतं, म्हणजे सरतं. ‘एल व्हा पासे.’ बाईंनी त्याचं शब्दाला शब्द लावून इंग्रजी केलं आणि शेवटी एक ‘अवे’ चिकटवला, कारण इंग्रजीत क्रियापदामागे काहीतरी शेपूट लागतं एवढं त्यांना शाळेपासून आठवत होतं. आजोबा मटकन खाली बसले.

माझ्या इंग्रजीच्या वर्गात हा किस्सा सांगताना बाईंना स्वतःलाच हसू आवरत नव्हतं. बाकीचे दहाजण टेबलं बडवत होते. मी मात्र मनातल्या मनात मराठी करून पाहिलं आणि गप्प झाले. ‘कळ आहे ना, ती जाईल दोन तासांत.’ पलंगावर आजी निजलेली असताना कुणी मला नुसतं ‘ती जाईल दोन तासांत’ म्हटलं असतं, तर मीही बसलेच असते.

मी मूळची मालवणची. दहावीपर्यंत मराठी माध्यम. इंग्रजीची फ्रेजल व्हर्ब्ज आम्ही गाइडातून पाठ केली: एका रकान्यात ‘गिव्ह अप’, ‘गिव्ह इन’, ‘गिव्ह अवे’, दुसऱ्यात मराठी अर्थ, आणि परीक्षेच्या सकाळी सगळ्यांची खिचडी. नवऱ्याच्या नोकरीमुळे फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांताच्या किनाऱ्यावर येऊन पडले, आणि चार वर्षांनी अशी वेळ आली की तीच खिचडी मला फ्रेंच लोकांना वाढायची होती. एका संस्थेचा मोठ्यांसाठीचा संध्याकाळचा वर्ग, दर मंगळवारी साडेसहा ते साडेआठ. इंग्रजी शिकवणारी बाई भारतीय म्हटल्यावर पहिल्या दिवशी दोन भुवया वर गेल्या होत्या. पोर्ट्समथच्या फेरीवर तीस वर्षं काम करून निवृत्त झालेले एक काका होते, त्यांनी त्या भुवया एका वाक्यात खाली आणल्या: “बोटीवर मला समजणारं इंग्रजी फक्त भारतीय बोलायचे.”

वर्गात फेरीकाका, नर्सबाई, कांकालचे एक कालवंवाले, एका हॉटेलच्या रिसेप्शनवरची मुलगी, टोइक या इंग्रजीच्या परीक्षेत ९९० पैकी ७८५ मिळवल्याशिवाय इंजिनिअरिंगची पदवी हातात पडणार नाही म्हणून आलेला एक पोरगा, आणि आणखी सहाजण. त्या वर्षी मी ठरवलं होतं की ‘कमी होणे’ हा एकच विषय घ्यायचा. कारण साधं आहे. वाढण्याचं इंग्रजी लोकांना कसंबसं जमतं, ‘गो अप’ म्हटलं की निम्मं काम होतं. कमी होण्याच्या मात्र शंभर तऱ्हा असतात, आणि माणूस बोलतो ते जास्त करून कमी होण्याबद्दलच. पाऊस, ताप, गिऱ्हाइकं, केस.

फ्रेंच माणसाची अडचण आपल्यापेक्षा वेगळी असते, हे माझ्या लक्षात यायला वेळ लागला. आपल्याला शब्द सुचत नाही. त्यांना तो फार पटकन सुचतो. १०६६ मध्ये नॉर्मंडीचा विल्यम समुद्र ओलांडून इंग्लंडचा राजा झाला, आणि पुढची दोन-तीनशे वर्षं तिथल्या दरबारात, कोर्टकचेऱ्यांत फ्रेंच चालली. त्यामुळे ‘डिमिनिश’, ‘डिक्रीज’, ‘रिड्यूस’, ‘डिक्लाइन’, ‘सीस’ ही सगळी मंडळी फ्रेंचांना घरचीच वाटतात. शेपटात थोडा बदल केला की झालं इंग्रजी. चूक तर मुळीच नाही. पण फेरीकाका खिडकीतून बाहेर बघून म्हणत, “द रेन इज डिमिनिशिंग”, तेव्हा ते कसं वाटतं हे मी त्यांना मराठीतून सांगू शकत नव्हते, तुम्हाला सांगू शकते: चहाची टपरी, माणूस छत्री मिटतोय आणि म्हणतोय, ‘पर्जन्यमान घटत आहे.’

मजा म्हणजे ‘अबेट’ हा शब्दही त्यांचाच. जुन्या फ्रेंचमधल्या ‘आबात्र’चा वंशज. इंग्रजीत वादळ ‘अबेट’ होतं, जरा पुस्तकी थाटात. आजच्या फ्रेंचमध्ये ‘आबात्र’ म्हणजे झाड पाडणे, जनावर कापणे. कत्तलखान्याला ते ‘आबात्वार’ म्हणतात. कालवंवाल्यांना मी हा शब्द सांगितला तर ते म्हणाले, वादळ कापायला मला आवडेल.

तर ऑक्टोबरात मी कामाला लागले, आणि सरळ गाइडाच्याच वाटेने गेले. शेपटांची वर्गवारी केली. फळ्यावर पाच रकाने: ‘डाउन’, ‘ऑफ’, ‘आउट’, ‘अवे’, ‘बॅक’. ‘डाउन’ म्हणजे जोर खाली येणे. ‘ऑफ’ म्हणजे चढलेलं सुटून पडणे. ‘अवे’ म्हणजे लांब लांब जात दिसेनासं, ऐकू येईनासं होणे. ‘आउट’ म्हणजे शेवटचा थेंब संपेपर्यंत. ‘बॅक’ म्हणजे पुढे गेलेलं मागे आणणे, खर्च, कर्मचारी, योजना. दिसायला तक्ता इतका देखणा की मी त्याचा फोटो काढून ठेवला. रंगीत खडू वापरले होते.

दोन आठवड्यांनी छोटी चाचणी घेतली आणि तक्ता कोसळला. एकट्या ‘डाय’ या क्रियापदानेच दाणादाण उडवली. वारा ‘डाय डाउन’ होतो, टाळ्या आणि आगही. आवाज दूर जात ‘डाय अवे’ होतो. प्रथा, जात, प्रजाती ‘डाय आउट’ होतात, एकही उरत नाही. आणि एकामागून एक पटापट मरत सुटणं म्हणजे ‘डाय ऑफ’. रिसेप्शनच्या मुलीने लिहिलं, ‘द टूरिस्ट्स डाय ऑफ इन सप्टेंबर’. टोइकवाल्याने लिहिलं, ‘माय मोटिव्हेशन डाइड अवे फ्रॉम मी’, आणि यात व्याकरण सोडलं तर मला काही चुकीचं वाटेना.

एकट्या कालवंवाल्यांचं ‘डाय ऑफ’ बरोबर आलं होतं. ‘इन २००८ द बेबी ऑयस्टर्स स्टार्टेड टू डाय ऑफ.’ मी विचारलं, कसं लक्षात राहिलं? ते म्हणाले, त्यात लक्षात काय ठेवायचंय. २००८ च्या उन्हाळ्यात फ्रान्सच्या किनाऱ्यावर कालवांची पिल्लं एका विषाणूने ढिगाने मेली. माणसाला त्यापासून काही होत नाही, पण जाळीच्या पोत्यात हात घालावा आणि रिकामे शिंपले खुळखुळावेत. पुढच्या उन्हाळ्यांतही तेच. ‘ऑफ’ म्हणजे काय हे त्यांना रकान्यातून कळलं नव्हतं, पोत्यातून कळलं होतं.

त्याच रविवारी आईला फोन लावला. इकडे ऑक्टोबरातली वावटळ, तिकडे परतीचा पाऊस नुकताच संपलेला. मी विचारलं, काय म्हणतंय हवामान? ती म्हणाली, “वारो पडलो. पावसूय वायच कमी झालो.” मी पुढचं ऐकलंच नाही. वारो पडलो. फ्रेंच मच्छीमार काय म्हणतो? ‘ल व्हाँ तोंब.’ वारा पडतो. शब्दाला शब्द! साडेसात हजार किलोमीटर लांबच्या दोन किनाऱ्यांवर वारा पडतो, आणि इंग्लिश खाडीच्या पलीकडे, ढग नसतील तेव्हा या किनाऱ्यावरून जर्सी बेट दिसतं त्याच्याही पुढे, तो खाली खाली मरत जातो. फेरीकाका ‘द विंड इज फॉलिंग डाउन’ म्हणत तेव्हा मी त्याखाली लाल रेघ मारत असे. आता वाटलं, ती रेघ मी माझ्या आईच्या वाक्याखालीही मारतेय.

मग त्या रात्री कागद घेऊन बसले, तो इंग्रजी यादी करायला नाही, मराठी. ताप उतरतो. सूजही उतरते, नशा उतरते, भाव उतरतात. पूर ओसरतो, गर्दी ओसरते, उत्साहही ओसरतो. गर्दी पांगतेसुद्धा, पण ते वेगळं. विहीर आटते, दूध आटतं, आणि आटवताही येतं. धुकं विरतं, ढग विरतात. गढूळ पाणी निवळतं, आणि वातावरणही. आशा मावळते. दिवा मंदावतो, धंदा मंदावतो, धंदा पुढे बसतो. आवाज बसतो. रंग विटतो. भूक मरते. वेदना शमते. एकाही ठिकाणी मागे शेपूट नाही! जे काय सांगायचं ते क्रियापदाच्या पोटात. आणि पाहा, कोण कमी होतंय यावरून क्रियापद ठरतं: ताप ओसरला म्हटलं तर चालून जाईल, पण विहीर उतरली म्हटलं तर ऐकणारा विचारेल, कोण उतरलं विहिरीत?

हे काही माझं संशोधन नव्हे. लिओनार्ड टाल्मी या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने जगातल्या भाषांची अशीच वाटणी केली आहे. कुठे हालचालीची दिशा क्रियापदातच असते, कुठे ती बाहेर एका छोट्या शब्दात. आपण ‘पोहत नदी ओलांडली’ म्हणतो, फ्रेंचही तसंच म्हणतात, ओलांडणं मुख्य आणि पोहणं मागाहून. इंग्रज पोहणं क्रियापदात घालतो आणि ओलांडणं त्या इवल्याशा ‘अक्रॉस’मध्ये. फ्रान्समध्ये भाषांतर शिकवणारे या अदलाबदलीला ‘शासे-क्र्वाझे’ म्हणतात. शब्द नाचातला आहे, दोघांनी एकमेकांच्या जागा घेण्याचा. पण सामान्य फ्रेंच माणसाला तो आठवतो जुलैच्या अखेरीस: जुलैची सुट्टी संपवून घरी परतणारे आणि ऑगस्टच्या सुट्टीवर निघालेले, दोन्ही लोंढे एकाच शनिवार-रविवारी रस्त्यावर, आणि शंभर शंभर किलोमीटर गाड्यांच्या रांगा. माझ्या वर्गाच्या डोक्यात इंग्रजी बोलताना नेमकं तेच होत होतं.

आणि मी इतके दिवस त्यांना शेपटाकडून क्रियापदाकडे चालवत होते. तक्ता पुसला. फोटो अजून मोबाइलमध्ये आहे, रंगांसाठी.

मंगळवार, ८ नोव्हेंबर २०२२. सँ-मालोला दर चार वर्षांनी एक वेड चढतं. १९७८ पासून इथून कॅरिबियनमधल्या ग्वादलूप बेटापर्यंत एकट्याने शिडाची बोट नेण्याची शर्यत सुटते, रूत द्यु रोम. गावाला जत्रेचं रूप येतं. त्या वर्षी सुटायची होती रविवारी, ६ तारखेला. अटलांटिकवर खराब हवामान म्हणून आयोजकांनी ती बुधवारवर ढकलली. १३८ बोटी तयार, माणसं रजा टाकून आलेली, हॉटेलवाले हैराण. वर्गात दुसरा विषय निघणं शक्यच नव्हतं, म्हणून मीही काढला नाही. फळ्यावर एवढंच लिहिलं: काय कमी होण्याची वाट बघताय? प्रत्येकाने एक. फ्रेंचमध्ये सांगा.

फेरीकाका: वारा पडण्याची. मी म्हटलं, ठीक, इंग्रज वाऱ्याला आगीसारखा समजतो. भडकलेली गोष्ट, ती खाली बसते. ‘डाय डाउन.’ टाळ्या, आरडाओरडा, वाद, सगळं भडकणारं. वादळ असेल तर आणखी एक आहे, ‘ब्लो ओव्हर’, डोक्यावरून वाहून निघून जातं. भानगडी आणि बदनामीही अशाच निघून जातात. यावर तीनजण एकदम म्हणाले, ‘सा व्हा स तासे!’ म्हणजे दबेल, बसेल खाली. फ्रेंच भानगड धुळीसारखी खाली बसते, इंग्रजी भानगड वाऱ्यासारखी उडून जाते. कुठली बरी यावर दहा मिनिटं गेली.

रिसेप्शनची मुलगी: उद्या बोटी सुटल्या की खोल्या रिकाम्या होतील. ‘ड्रॉप ऑफ’, कारण उद्या एका दिवसात आकडा धपकन पडणार. दर वर्षी शाळा सुरू झाल्यावर बुकिंग हळूहळू रोडावत जातं ते ‘टेल ऑफ’. आणि धक्क्यावरची गर्दी विरळ होणं ‘थिन आउट’. ‘टेल’ म्हणजे शेपूट कळल्यावर कालवंवाले खुलले. फ्रेंचमध्ये एखादी गोष्ट फुसकी संपली तर ती ‘माशाच्या शेपटीत संपली’ म्हणतात. मी म्हटलं, ते मात्र इंग्रजीत ‘फिझल आउट’. इंग्रजाची शेपटी सावकाश निमुळती होते, तुमच्या माशाची तुटल्यासारखी थांबते. ‘फिझल’चा जुना अर्थ आवाज न करता वायू सोडणे असा होता, हे सांगावं की नाही असा मला क्षणभर प्रश्न पडला. सांगितलं. तो शब्द त्या दिवसानंतर कुणीही विसरलेलं नाही.

नर्सबाईंनी स्टेरॉइडचं उदाहरण काढलं. गोळ्या एकदम बंद करायच्या नाहीत, डोस पायरीपायरीने उतरवायचा. त्याला इंग्रजीत ‘टेपर ऑफ’. फ्रेंच डोळ्याला हा शब्द ‘तापे’ दिसतो, म्हणजे थोपटणे, टंकणे. बाई गोंधळल्या. पण ‘टेपर’ ही मुळात मेणबत्ती, वर निमुळती होत गेलेली. माझ्या पिशवीत नव्हती, पण संस्थेच्या स्वयंपाकघरात वाढदिवसाची एक सापडली. ती मी फळ्याच्या कडेवर उभी केली आणि पुढे महिनाभर ती तिथेच होती. इंजेक्शनची बधिरता, गोळीचा असर, नव्याची नवलाई यांच्यासाठी ‘वेअर ऑफ’: अंगावरचं झिजून गळून पडतं. “म्हणजे मी आजोबांना काय म्हणायला हवं होतं?” “द पेन विल वेअर ऑफ. आणि ‘शी’ नाही, ‘इट’.” बाईंनी वहीत लिहिलं आणि ‘इट’भोवती तीन गोल काढले.

टोइकवाल्याला सगळं कचेरीतलं हवं होतं, त्याला पटकन वाटी भरून दिली: खर्च ‘कट बॅक’, प्रकल्प ‘स्केल डाउन’, जुनं मॉडेल टप्प्याटप्प्याने ‘फेज आउट’, विक्री घसरून एका पातळीवर स्थिरावली तर ‘लेव्हल ऑफ’. त्याने ‘पीटर आउट’ कुठेतरी वाचलं होतं. अमेरिकेतल्या खाणकामगारांच्या बोलीतून एकोणिसाव्या शतकात वर आलेला शब्द, धातूची शीर बारीक होत होत संपणे. फ्रेंच कानाला त्यात ‘पेते’ ऐकू येतं, आणि ‘पेते’ म्हणजे पुन्हा तोच मघाचा वायू, या वेळी आवाजासह. मी हात जोडले.

वर्ग सुटला तेव्हा साडेआठ वाजून गेले होते. पौर्णिमा होती, ओहोटी लागली होती. मी सियोंच्या किनाऱ्यावरून चालत घरी जाते. तिथे लाटा फोडण्यासाठी ओकच्या खोडांचे खांब रांगेने रोवलेत, आणि पाणी किती उतरलं हे त्यांवर बघता येतं. आमच्या मालवणला दोन मीटरच्या आसपासचा खेळ, त्यात होड्या ओढायच्या की नाही एवढंच ठरतं. इथे मोठ्या उधाणाला १२ मीटरपेक्षा जास्त पाणी चढतं-उतरतं. सकाळी बंदर, दुपारी मैदान. आपण उधाण आणि भांग म्हणतो, फ्रेंच ‘जिवंत पाणी’ आणि ‘मेलेलं पाणी’ म्हणतात, व्हीव्ह-झो आणि मॉर्त-झो. म्हणजे कमी होण्याला मरण म्हणायची खोड इंग्रजांची एकट्याची नाही. इतके आठवडे ‘डाय डाउन’वर नाकं मुरडणाऱ्या या दर्यावर्दी लोकांनी पंचांगातच पाणी मारून ठेवलं होतं.

पुढच्या मंगळवारी फेरीकाकांनाच फळ्याजवळ बोलावलं. दर्यावर्दींचा बारा भागांचा हिशेब त्यांना तोंडपाठ. ओहोटीचे साधारण सहा तास. १२ मीटर उतरायचं असेल तर पहिल्या तासात एक मीटर, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. मग पाणी थबकतं, तो ‘एताल’. काकांनी रेघ काढली, वरून घरंगळत खाली येणारी. त्या एका रेघेवर आम्ही इंग्रजी बसवलं. मधल्या दोन तासांतलं धाडकन उतरणं ‘ड्रॉप ऑफ’. शेवटच्या दोन तासांतलं मंदावणं ‘टेल ऑफ’, ‘टेपर ऑफ’. थबकणं ‘लेव्हल ऑफ’. ‘डाय आउट’ या रेघेवर बसेना, कारण समुद्र काही पार आटत नाही. त्याच्यासाठी कालवंवाल्यांनी शेजारी वेगळी रेघ काढली, तळाला टेकणारी. ‘पीटर आउट’साठी तिसरी, बारीक होत जाणारी. माझ्या पाच रकान्यांनी जे महिनाभरात केलं नाही ते काकांच्या वाकड्या रेघेने अर्ध्या तासात केलं. सगळं काही ओहोटीत बसतं असं नाही, पण आकार एकदा डोळ्यांना दिसला की शेपूट शोधायला माणूस घाबरत नाही.

घोळ उरलेच. सगळ्यात मोठा ‘लेट अप’. ‘अप’ म्हणजे वर, आणि अर्थ कमी होणे! सँ-मालोची भुरभुर, जिला इथे ‘क्राशँ’ म्हणतात, दोन दिवस थांबत नाही. ‘द रेन हॅजन्ट लेट अप.’ का ‘अप’? माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. एवढंच सांगितलं की हा बहुतेक वेळा नकारात भेटतो, थांबायचं नाव न घेणाऱ्या गोष्टींबरोबर. तेवढ्यात टोइकवाल्याने शोधून काढलं की ‘स्लो अप’ आणि ‘स्लो डाउन’ दोन्हींचा अर्थ एकच. वर्गाने माझ्याकडे असं बघितलं जणू मीच केलंय ते. दुसरा घोळ सर्वनामाचा: ‘टर्न डाउन द म्यूझिक’ चालतं, ‘टर्न डाउन इट’ नाही, ‘इट’ मध्येच घुसतं. यावर घोकण्याशिवाय उपाय नाही. तिसरा असा की नर्सबाई ‘द पिल वोअर ऑफ द पेन’ म्हणत. गोळी दुखणं झिजवत नाही, गोळीचा असर आपला आपण जातो, दुखणंही आपलं आपण जातं. उच्चारात मात्र फ्रेंचांना काही शिकवावं लागत नाही. त्यांच्या भाषेत जोर शब्दगटाच्या शेवटी येतो, आणि ‘इट वोअर ऑफ’मध्येही तो शेवटच्या ‘ऑफ’वरच हवा. तिथे ते माझ्यापेक्षा बरे, मी अजून सगळ्या शब्दांना सारखाच जोर देते, शाळेत कविता म्हटल्यासारखा.

‘वॉटर डाउन’वर आमचं मतांतर झालं ते मिटलं नाही. फ्रेंच माणूस समजूतदारपणे दोन पावलं मागे आला की ‘त्याने आपल्या वाइनमध्ये पाणी घातलं’ म्हणतात, आणि ते कौतुक असतं. इंग्रजीत एखादा कायदा किंवा अहवाल ‘वॉटर डाउन’ केला म्हणजे त्यातला दम काढून टाकला. कालवंवाले म्हणाले, जे लोक बिअरमध्ये लिंबू सरबत घालतात त्यांनी आम्हाला पाण्यावरून बोलू नये. मी दूधवाल्याच्या देशातून आले आहे, मी इंग्रजांच्या बाजूने होते.

आणि ‘फेड’? तो तर पुन्हा त्यांचाच निघाला. फ्रेंचमध्ये ‘फाद’ म्हणजे बेचव, अळणी. तोच शब्द जुन्या काळी समुद्रापलीकडे गेला आणि रंग, आवाज, आठवण ‘फेड अवे’ होऊ लागली. नर्सबाईंनी घरून आणलेल्या सूपला त्या संध्याकाळी आम्ही दोन्ही भाषांत तेच विशेषण दिलं.

डिसेंबरचा शेवटचा वर्ग. बाहेर क्राशँ, रस्त्यावर ख्रिसमसचे दिवे, अकरापैकी सहाच जण आलेले. चाचणी घेतली. निकाल सांगण्यासारखा नाही, पण ‘डाय’ची चारही शेपटं पाचजणांनी बरोबर लावली, आणि टोइकवाला, ज्याची परीक्षा जानेवारीत होती, त्याने ‘माय सेव्हिंग्ज आर ड्विंडलिंग अवे’ लिहून मला शिकवलेलंही नव्हतं ते वापरलं. कागद गोळा करताना फेरीकाकांनी रिकाम्या खुर्च्या मोजल्या.

“द क्लास हॅज टेल्ड ऑफ,” ते म्हणाले.

“नो,” कालवंवाले म्हणाले. “थिन्ड आउट. पीपल, थिन आउट.” मग माझ्याकडे वळून, अदबीने: “मादाम, व्हॉट इज इट व्हेन द व्हॉइस बिकम्स स्मॉल, स्मॉल, अँड देन नथिंग?”

“ट्रेल ऑफ.”

“आ. दॅट इज यू, मादाम. एव्हरी ट्यूसडे, अ‍ॅट एट ट्वेंटी-फाइव्ह.”

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, घड्याळाकडे बघितलं. आठ पंचवीस.